सीझनच्या तोंडावर धरलेली पोटरी: एका पॉइंट गार्डचं प्रकरण

वय २५, बास्केटबॉलमध्ये खेळतो पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन संघाचा खेळ मांडणारा, उंची सहा फूट दोन इंच, वजन ८४ किलो. दुखणं डाव्या पोटरीचं. त्याच्याच शब्दांत सांगायचं तर, ‘चालताना काहीच नाही, मॅडम. जिना उतरतानाही नाही. पण झटक्यात निघालो की आतून कुणीतरी धरून ठेवतं.’ नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये तो आला तेव्हा त्याच्या संघाचा कॅम्प सहा आठवड्यांवर होता आणि कॅम्पच्या पहिल्याच सकाळी बीप टेस्ट, म्हणजे बीपच्या वाढत्या वेगावर पळण्याची दमाची परीक्षा. हे प्रकरण त्याच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्याचं घर कशावर चालतं ते आधी सांगते, कारण पुढचे बरेच निर्णय त्या हिशोबाशी येऊन अडले. आपल्याकडे बास्केटबॉलवर पोट भरणारे बहुतेक जण रेल्वे, सेनादलं, बँका, सरकारी कंपन्या यांच्या संघांत खेळाडू म्हणून लागलेले असतात. निव्वळ लीगच्या भरवशावर जगणारे थोडे. २०१५ मध्ये थाटात सुरू झालेली यूबीए ही बास्केटबॉल लीग २०१७ नंतर बंद पडली, हे या पिढीने शाळा-कॉलेजात असताना पाहिलेलं आहे. हा मुलगाही एका खात्याच्या संघात कंत्राटावर होता. कायम व्हायचं तर यंदाचा सीझन खेळून दाखवायचा, असं त्याला तोंडी सांगितलेलं. सुट्टीत नाशिकला आला की आजूबाजूच्या निमंत्रित स्पर्धा खेळायच्या आणि बक्षिसाची रक्कम मित्रांत वाटून घ्यायची, हा त्याचा दरवर्षीचा क्रम. घरी वडील सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, धाकटी बहीण शिकते आहे.

कसं झालं

ऑगस्टमध्ये तो एक थ्री-बाय-थ्री, म्हणजे तीन-विरुद्ध-तीन स्पर्धा खेळला. हा खेळ अर्ध्या कोर्टवर दहा मिनिटांचा किंवा २१ गुणांचा असतो. ऐकायला हलका वाटतो, पण शॉट क्लॉक, म्हणजे बास्केटवर चेंडू टाकायला मिळणारा वेळ, अवघा १२ सेकंदांचा, त्यामुळे श्वास घ्यायला उसंत नाही. थांब, वळ, निघ, उडी, परत थांब. पोटरीच्या दृष्टीने पूर्ण कोर्टवरच्या चाळीस मिनिटांपेक्षा हे कमी जाचक नाही. त्यात सिमेंटचं कोर्ट, एका दिवसात तीन मॅच आणि आदली रात्र बसच्या प्रवासात गेलेली. तिसऱ्या मॅचमध्ये डावा पाय मागे टाकून तो झेपावला आणि पोटरीत काहीतरी धरलं. मॅच त्याने पूर्ण केली. जिंकलेसुद्धा.

घरी ‘शीर चढली’ असं निदान झालं. चार दिवस आराम, दोन वेळा दुखण्याची गोळी, शेजारच्या काकांनी ओळखीचा मालिशवाला आणला, त्याने तेल लावून अंगठ्याने पोटरी रगडली. पाचव्या दिवशी दुखणं गेलं. रविवारी जुन्या ग्रुपबरोबर तो पांडवलेण्यांवर गेला. नाशिकमधल्या कुठल्याही खेळाडूला तिथल्या पायऱ्यांवर फिटनेस करून घेणारे एखादे सर भेटलेलेच असतात, त्यामुळे त्या पायऱ्या दिसल्या की पाय आपोआप पळायला लागतात. दोन-दोन पायऱ्या घेत अर्ध्यात पोहोचला आणि बसला. यावेळी नुसतं धरलं नव्हतं, कळ आली होती. दुसऱ्या दिवशी तो आमच्याकडे आला.

तपासणीत काय दिसलं

पोटरीत दोन मोठे स्नायू. वरचा, आरशात दिसणारा, तो गॅस्ट्रोक्निमियस. तो गुडघ्याच्या वरून निघतो. त्याच्याखाली दडलेला सपाट, रुंद स्नायू म्हणजे सोलियस, जो गुडघ्याच्या खालून निघतो. दोघे खाली जाऊन एकाच अकिलीस टेंडनमध्ये, म्हणजे टाचेमागच्या त्या जाड शिरेत, मिळतात. गुडघा वाकवला की वरचा स्नायू सैल पडतो आणि काम सोलियसवर येतं. पोटरी दुखतेय म्हणून आलेल्या माणसाला टाच दोन्ही प्रकारे उचलायला लावायची ती त्यासाठी.

गुडघा सरळ ठेवून एका पायावर टाच उचलणं: उजवीकडे ३१ वेळा, डावीकडे २२. फारसं वाईट नाही. गुडघा वाकवून: उजवीकडे २६, डावीकडे ५, आणि सहाव्याला चेहरा बदलला. हात लावून पाहिलं तर दुखरी जागा वरच्या मांसल भागात नव्हती. नडगीच्या आतल्या कडेलगत, पोटरीच्या खालच्या अर्ध्यात, खोलवर होती. पालथं झोपवून पोटरी दाबली तर पाऊल नीट खाली झुकलं, म्हणजे अकिलीस शाबूत.

रात्रभराचा बसप्रवास आणि नंतर पोटरी दुखणं हे ऐकल्यावर दुसरी एक शंका घ्यावीच लागते, ती रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी झाल्याची. तरुण आणि तंदुरुस्त माणसातही ती होते आणि स्नायूचं दुखणं समजून मालिश झाली तर जिवावर बेतू शकतं. सूज नव्हती, पाय गरम नव्हता, दोन्ही पोटऱ्यांचा घेर सारखाच. तरी डॉक्टरांकडून डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करून घेतली. नॉर्मल आली.

एमआरआय करायचा की नाही यावर घरात चर्चा झाली. सोनोग्राफी स्वस्त पडते, पण सोलियस इतका खोल असतो की त्यातली इजा सोनोग्राफीत बऱ्याचदा सुटते. एरवी मी पोटरीच्या प्रत्येक दुखण्याला एमआरआय सांगत नाही. इथे सांगितला, कारण कॅम्पची तारीख ठरलेली होती आणि सोलियसच्या पोटातून जाणाऱ्या मधल्या शिरेला, म्हणजे आतल्या टेंडनला, इजा आहे की फक्त मांसल धाग्यांना, यावर आठवड्यांचा फरक पडतो. रिपोर्टमध्ये नेमकी ती मधली शीर अर्धवट दुखावलेली निघाली. साध्या स्नायूच्या ताणाला जिथे तीन-चार आठवडे लागतात, तिथे याला त्याच्या दुप्पट धरून चालावं लागतं.

त्याने मनातल्या मनात आठवडे मोजले आणि विचारलं, ‘पण मॅडम, आत्ता दुखतच नाहीये तर?’

याच प्रश्नाभोवती पुढचे दोन महिने गेले. हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, ओढली तर माणूस लंगडतो, तो स्वतःच खेळत नाही. सोलियस तसा नाही. तो मुख्यतः सावकाश, न थकता काम करणाऱ्या धाग्यांचा स्नायू. थोडा फाटला तरी चालू देतो, हळू धावूही देतो. वेदना लवकर विझते, पण ताकद परत आलेली नसते. त्यामुळे ‘दुखतंय का?’ हा प्रश्न आम्ही विचारत राहिलो, पण निर्णय त्यावर ठेवला नाही.

ड्युरंट, हॅलिबर्टन आणि पोटातल्या गोळ्या

त्याला पटवायला मला त्याच्याच भाषेत बोलावं लागलं. ८ मे २०१९ रोजी ह्यूस्टनविरुद्ध केव्हिन ड्युरंटची उजवी पोटरी धरली. महिनाभर बाहेर राहून तो १० जूनला एनबीए फायनलच्या पाचव्या सामन्यात उतरला, १२ मिनिटांत ११ गुण केले आणि उजवी अकिलीस तुटली. पुढचा पूर्ण सीझन गेला. २०२५ च्या फायनलमध्ये टायरीस हॅलिबर्टनची पोटरी पाचव्या सामन्यात दुखावली. तो सहावा खेळला आणि २२ जूनच्या सातव्यात पहिल्याच क्वार्टरमध्ये तीन थ्री-पॉइंटर टाकून कोसळला. त्याचीही उजवी अकिलीस.

पोटरी दुखावली म्हणून अकिलीस तुटली असं या दोघांबाबतही ठामपणे म्हणता येत नाही, आणि पोटरी धरलेल्या बहुतेकांची अकिलीस कधीच तुटत नाही. मी त्याला तेवढंच सांगितलं. पण दोघांचे व्हिडिओ त्याला आधीच पाठ होते. मी फक्त थांबवून पाय दाखवला: पाऊल मागे, टाच जमिनीकडे, गुडघा सरळ होत चाललेला आणि सगळं अंग पुढे झेपावलेलं. ‘हे तर माझंच मूव्ह आहे,’ तो म्हणाला. गार्ड मंडळींचं हे रोजचं पाऊल आहे.

इतिहास विचारताना आणखी एक गोष्ट निघाली. स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात पोट बिघडलं होतं. पावसाळ्यात बाहेरचं खाणं, दुसरं काय. मेडिकलवाल्याने ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची पाच दिवसांची गोळी दिली होती. आपल्या घराघरांत जुलाबाला ही जोडगोळी चिठ्ठीशिवाय घेतली जाते. ऑफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन हे एकाच कुळातले अँटिबायोटिक, आणि या कुळाला टेंडनचं वाकडं आहे. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००८ मध्ये यांच्या माहितीपत्रकात टेंडन सुजण्या-तुटण्याचा चौकटीतला इशारा सक्तीचा केला. सर्वाधिक फटका अकिलीसलाच बसतो आणि औषध संपल्यावर काही महिन्यांनीही तो बसू शकतो. साठीपुढच्या आणि स्टेरॉइड घेणाऱ्या लोकांना धोका जास्त. पंचविशीतल्या मुलाला तो कमी.

त्या गोळीमुळे हे झालं असं मी म्हणणार नाही. तिसरी मॅच आणि सिमेंट एवढी कारणं पुरेशी होती. पण मधली शीर दुखावलेली, वर हे औषध पोटात गेलेलं, म्हणून उड्यांचा टप्पा आम्ही आठवडाभर पुढे ढकलला आणि यापुढे कुठलाही डॉक्टर अँटिबायोटिक देत असेल तर ‘मी खेळाडू आहे, टेंडनचं दुखणं आहे’ हे आधी सांगायचं, असं त्याच्याकडून वदवून घेतलं. जुलाबात एका दवाखान्यात सलाईनही लावलं होतं, हे त्याने असंच बोलता बोलता सांगितलं. वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, नियमांत १२ तासांत १०० मिलीपेक्षा जास्त सलाईन, रुग्णालयातल्या रीतसर उपचाराखेरीज, बारमाही निषिद्ध आहे. बाटली असते ५०० मिलीची. त्याचे कागद जमवून संघाच्या डॉक्टरांना लगेच कळवायला लावलं.

कांद्याची गोणी आणि ढोल

पहिले दहा दिवस: दोन्ही बुटांत टाचेखाली सेंटिमीटरभर पॅड, मालिश बंद, पोटरी ताणणं बंद. या शेवटच्याला सगळ्यांचाच विरोध असतो. आखडलेला स्नायू ताणला की बरं वाटतं, पण दुखावलेल्या शिरेची टोकं रोज सकाळी ओढून कुणाचं भलं झालेलं नाही. व्यायाम मात्र पहिल्या दिवसापासून: खुर्चीत बसून टाच उचलून धरायची आणि ४५ सेकंद थांबायचं.

मग वजन. बसून टाच उचलण्याचं मशीन त्याच्या जिममध्ये नव्हतं, म्हणून स्मिथ मशीनचा दांडा टॉवेल गुंडाळून गुडघ्यावर. घरी वडिलांनी शक्कल काढली: स्टुलावर बसायचं, पायाखाली फळी आणि मांडीवर कांद्याची गोणी. नाशिककराच्या घरी वजन म्हणून गोणीच हाताशी असणार. डाव्या एकट्या पायाने, बसून, स्वतःच्या वजनाइतकं म्हणजे ८४ किलो सहा वेळा उचलणं हे आमचं लक्ष्य. सुरुवात ३० किलोपासून झाली.

वडिलांचं म्हणणं होतं की सकाळी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर हळूहळू जॉगिंग करू दे, रक्त फिरेल. हा समज फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात मध्यम वेगाच्या धावण्यातही सोलियसवर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट जोर येतो. जॉगिंगमध्ये पावलंही ढीगभर पडतात. म्हणून क्रम उलटा ठेवला: आधी वजन, मग दोन पायांच्या उड्या, मग एका पायाच्या, आणि त्या शंभरेक उड्या दुसऱ्या दिवशी सकाळी न आखडता जमल्या की धावणं. दम टिकवायला तोवर सायकल आणि त्र्यंबक रोडवरचा सावरकर जलतरण तलाव.

तिसऱ्या आठवड्यात गणपती आले. मुलगा कॉलेजपासून ढोल पथकात. नाशिकच्या पोराला विसर्जनाला ढोल नको म्हणणं म्हणजे काय ते बाहेरच्याला कळणार नाही. कमरेला ढोल बांधून, गुडघे किंचित वाकवून, तालावर टाचा उचलत तासन्‌तास उभं राहायचं. सोलियसला यापेक्षा लांब सत्र मी स्वतः कधी लिहून दिलं नसतं. बोलणी झाली, आईला मध्ये पडावं लागलं. शेवटी तो पथकाच्या टेम्पोत बसून पाणी वाटत फिरला. पथकातले अजून चिडवतात.

‘एक इंजेक्शन मारून टाका’

पाचव्या आठवड्यात आकडे असे होते: वाकवलेल्या गुडघ्याने टाच उचलणं डावीकडे १९, बसून ६४ किलो. वेदना शून्य. कॅम्प आठ दिवसांवर. संघातल्या कुणीतरी त्याला सांगितलं होतं की अमक्याने इंजेक्शन घेऊन बीप टेस्ट काढली.

‘मॅडम, एकदा टेस्ट होऊ द्या, मग पाहिजे तेवढा आराम करतो.’

‘टेस्टमध्ये काय करायचं असतं?’

‘वीस मीटर पळायचं, वळायचं, परत.’

‘आणि वळताना कोणता पाय मागे राहतो?’

तो गप्प बसला. वडील म्हणाले, ‘तसं नाही ओ मॅडम, नोकरीचा प्रश्न आहे म्हणून विचारतोय तो.’ ते खरंच होतं, आणि त्याला नुसतं ‘नाही’ हे उत्तर पुरत नाही. स्टेरॉइडचं इंजेक्शन टेंडनजवळ दिलं तर टेंडन कमकुवत होऊ शकतो. १ जानेवारी २०२२ पासून वाडाने स्टेरॉइडची सर्व प्रकारची इंजेक्शनं स्पर्धाकाळात निषिद्धही केली आहेत. कॅम्प म्हणजे स्पर्धा नव्हे, कागदावर ते कदाचित चाललंही असतं. पण ज्या कुळाचं अँटिबायोटिक नुकतंच घेतलं त्याच्यावर स्टेरॉइड, तेही याच पायाला, हे मी सुचवणं शक्य नव्हतं. डॉक्टरांनीही नकार दिला.

त्याऐवजी कोचना फोन केला. एमआरआयचा रिपोर्ट, दर आठवड्याचे आकडे आणि एक विनंती: त्याला कॅम्पला बोलवा, शूटिंग, बॉल हँडलिंग, संघाच्या ठरलेल्या चाली सगळं करू द्या, बीप टेस्ट आणि पाच-विरुद्ध-पाच दोन आठवडे पुढे ढकला. कोच कडक माणूस. म्हणाले, ‘बाकीची पोरं काय म्हणतील?’ मी म्हटलं, सर, आकडे सगळ्यांना दाखवा. दोन दिवसांनी होकार आला, पण पहिल्या पाचातली जागा गेली हेही स्पष्ट सांगितलं. मुलाने ते कसं घेतलं हे मला विचाराल तर, वाईट घेतलं. दोन दिवस व्यायामाचा मेसेज आला नाही.

पहिलं पाऊल

कॅम्पला जाण्याआधीचं शेवटचं काम म्हणजे ते मूव्ह. पाऊस अधूनमधून चालूच, एका शाळेचं कोर्ट कडेला शेवाळलेलं, म्हणून खराट्याने घासून मधला पट्टा मोकळा केला. बॉल हातात, डावा पाय मागे, समोर आमच्या क्लिनिकमधला सहकारी. इशारा झाला की उजवीकडून निघायचं, तीन पावलं, थांबायचं. साठ टक्के जोराने दहा वेळा.

डोळ्यांना सगळं ठीक दिसत होतं. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये घेतलं तेव्हा कळलं की तो पाय चोरतोय. ढकलण्याच्या ऐन क्षणी डावं पाऊल बाहेरच्या बाजूला वळत होतं आणि वजन आधीच उजव्यावर गेलेलं होतं. दुखत नव्हतं, त्याला पत्ताही नव्हता. शरीराने आपापली पळवाट शोधली होती. असा खेळाडू मॅचमध्ये बचावपटूला चकवायला गेला की कधीतरी पळवाट वापरायला वेळ मिळत नाही, आणि मग पूर्ण जोर त्या न सरावलेल्या शिरेवर एकदम पडतो.

त्याला व्हिडिओ दाखवला, जमिनीवर खडूने पावलाची सरळ रेघ मारली. पुढच्या दहापैकी चार रेघेवर पडली. जोर वाढवायचा नाही, रेघ सुटायची नाही. आठवड्याच्या शेवटी ऐंशी टक्के जोराने नऊ पडल्या, आणि खडू घेऊन तो कॅम्पला गेला. तिथे मैदानावर रेघा मारताना सीनियर खेळाडू हसले म्हणे.

बीप टेस्ट आठव्या आठवड्यात दिली आणि संघाच्या निकषाला उतरला. तोवर डावा पाय बसून ८० किलोवर होता, वाकवलेल्या गुडघ्याने २४. ८४ पूर्ण झाले नव्हते, तरी आम्ही हिरवा कंदील दिला. आकडा गाठला नाही म्हणून अडवावं इतकं अंतर उरलं नव्हतं, आणि उड्यांमध्ये दोन्ही पाय जवळपास सारखे आले होते. पाच-विरुद्ध-पाच आधी सहा-सहा मिनिटं, दर दुसऱ्या दिवशी. पहिल्या अधिकृत सामन्यात बेंचवरून येऊन ११ मिनिटं, चार असिस्ट, दोन टर्नओव्हर, म्हणजे दोनदा चेंडू गमावला. त्यातला एक त्या डावीकडच्या पावलावर बिचकल्यामुळे, हे त्याचं स्वतःचं निरीक्षण.

सध्या तो २० मिनिटांच्या आसपास खेळतो. कायम करण्याचं पत्र अजून आलेलं नाही. आठवड्यातून दोनदा जड वजनाने टाच उचलणं सीझनभर चालू ठेवायचं ठरलं आहे, मॅचच्या आदल्या दिवशी नाही. अडचण स्पर्धांची आहे: सलग चार-पाच दिवस रोज मॅच, मध्ये रेल्वेचा रात्रभराचा प्रवास आणि संघासोबत कायमचा फिजिओ नाही. म्हणून मॅचच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वाकवलेल्या गुडघ्याने डाव्या पायावर टाच उचलायची आणि आकडा पाठवायचा. २० च्या खाली आला तर त्या दिवशी मिनिटं अर्धी, हे कोचनी मान्य केलं आहे. गेल्या स्पर्धेत तिसऱ्या सकाळी १८ आले, त्या संध्याकाळी त्याला नऊ मिनिटं मिळाली आणि संघ हरला. रात्री वडिलांचा फोन आला होता. आकडा खरंच १८ होता ना, एवढंच त्यांनी विचारलं.